दलदलीचा जमाखर्च

स्वीडन देशाच्या उत्तर भागांत, उमेओ शहराच्या वायव्येस, ६४ अंश अक्षांशावर डेगेरो स्टूरमीर नांवाची एक विस्तीर्ण दलदल आहे. वर्षांतले जवळजवळ सहा महिने ती बर्फाखालीं झांकलेली असते. उरलेल्या महिन्यांत तेथें जाणाऱ्याला दिसतें तें इतकेंच : पाय ठेवतांच खालीं दबणारें ओलें शेवाळ, मधून मधून लव्हाळ्याच्या जातीचें गवत, कांठाला खुरटीं पाइनचीं झाडें, आणि एका बाजूनें संथपणें बाहेर पडणारा काळसर-तांबूस पाण्याचा ओढा. नांगराला निरुपयोगी आणि कुऱ्हाडीलाहि निरुपयोगी अशी ही भूमि. युरोपांतील शेतकऱ्यांनीं शेंकडों वर्षें असल्या जागांकडे पडीक म्हणूनच पाहिलें, आणि जेथें शक्य झालें तेथें चर खणून त्यांतलें पाणी काढून टाकलें.

परंतु ह्याच पडीक भूमीच्या पोटांत एक मोठी ठेव आहे. पृथ्वीवरील जमिनीचा केवळ शेंकडा ३ च्या आसपास भाग पीटाच्या दलदलींनीं व्यापलेला आहे. पण जगांतील सर्व अरण्यांच्या वृक्षांत मिळून जितका कर्ब आहे त्याहून अधिक कर्ब ह्या थोडक्या जागेंत सांठलेला आहे. त्यांतला बहुतेक भाग कॅनडा, स्कँडिनेव्हिया, फिनलंड, रशिया अशा उत्तरेकडील थंड देशांत आहे. कर्बाम्लवायु, ज्याला हल्लीं सर्रास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, हवेंत वाढत चालल्यामुळें पृथ्वी तापत आहे हें आतां सर्वश्रुत आहे. तेव्हां ही ठेव तशीच राहील कीं मोकळी होईल, हा प्रश्न त्या देशांपुरता उरत नाहीं. आणि त्याचें उत्तर शोधूं गेलें म्हणजे प्रत्येक वळणावर गांठ पडते ती पाण्याशीं. दलदलींत पाणी हाच ठेवीचा राखणदार आहे. आणि त्याच ठेवींत पडणाऱ्या मिळकतींतून वांटा उचलून नेणारेंहि पाणीच आहे.

ही ठेव जमली कशी, तें प्रथम पाहिलें पाहिजे. गेल्या हिमयुगाचा बर्फ सुमारे १०,००० वर्षांपूर्वीं उत्तर युरोपांतून मागें हटला. त्यानें उघड्या टाकलेल्या सखल जागीं पाणी तुंबलें आणि तेथें शेवाळ वाढूं लागलें. ह्यांत मुख्य जात स्फॅग्नम ही होय. ह्या शेवाळाच्या पानांत मोठ्या पोकळ पेशी असतात, आणि स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी तें सहज धरून ठेवतें. पहिल्या महायुद्धांत कापसाचा तुटवडा पडला तेव्हां ब्रिटनमध्यें ह्याच शेवाळाच्या गाद्या करून जखमांवर बांधीत असत. हें शेवाळ वरून वाढत जातें आणि खालून मरत जातें. मेलेला भाग पाण्याखालीं दबतो, पण पुरता कुजत नाहीं. त्याचा तपकिरी, तंतुमय थर बनतो. ह्यालाच पीट म्हणतात. थराची वाढ अतिशय मंद असते, वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनहि कमी. डेगेरो स्टूरमीर येथें हा थर बहुतेक ठिकाणीं तीन-चार मीटर जाड असून क्वचित् आठ मीटरपर्यंत खोल गेला आहे. तेवढ्या जाडींत हजारों वर्षांचा कर्ब एकावर एक रचला गेला आहे.

न कुजण्याचें मुख्य कारण घरांतल्या लोणच्याच्या बरणीवरून समजेल. फोडी तेलाखालीं बुडालेल्या असल्या कीं टिकतात. वर उघड्या पडल्या कीं त्यांना बुरशी धरते. दलदलींत तेलाचें काम पाणी करतें. प्राणवायु हवेंतून ज्या गतीनें पसरतो तिच्या दहा-हजाराव्या हिश्शाइतक्याच गतीनें तो पाण्यांतून पसरतो. त्यामुळें भिजलेल्या पीटांत थोडें खोल गेलें कीं प्राणवायु संपतो आणि कुजविणारे बहुतेक सूक्ष्म जंतु हतबल होतात. शिवाय स्फॅग्नम आपल्या भोंवतालचें पाणी आंबट करतें, आणि थंडीहि मदतीला असते. १९५० सालीं डेन्मार्कमध्यें टोलुंडच्या दलदलींत पीट खणतांना एका पुरुषाचें प्रेत सांपडलें. त्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि हनुवटीवरचे केंसांचे खुंट इतके स्पष्ट होते कीं, अलीकडचा खून समजून प्रथम पोलिसांना वर्दी देण्यांत आली. वस्तुतः तो मनुष्य मरून २,३०० वर्षांहून अधिक काळ लोटला होता !

ह्या राखणीला आणखी एक कुलूप आहे. वेल्समधील शास्त्रज्ञ ख्रिस फ्रीमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तें २००१ सालीं दाखवून दिलें. चहाला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांच्या जातीचीं अनेक द्रव्यें पीटांत असतात. त्यांचा नाश करणारें पाचकद्रव्य प्राणवायूखेरीज काम करीत नाहीं. त्यामुळें तीं द्रव्यें सांठत जातात आणि इतर पाचकद्रव्यांनाहि निकामी करून ठेवतात. म्हणजे पाणी हटून प्राणवायु आंत शिरला, तर केवळ वरचा थर कुजूं लागतो असें नव्हे. हें कुलूपच निघतें, आणि प्राणवायूविना चालणारें कुजणेंहि वाढतें.

येथवर पाण्याची एक बाजू झाली. परंतु पाणी राखण करीत असलें तरी तें एका जागीं बसून राहत नाहीं. पाऊस आणि वितळलेला बर्फ वरून येतो, शेवाळांतून झिरपतो आणि उताराकडे निघतो. चहाची पत्ती उकळत्या पाण्यांत क्षणांत रंग सोडते. दलदलींत तेंच काम थंडगार पाणी महिनोन् महिने सावकाश करीत असतें. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींतील द्रव्यें त्यांत उतरतात आणि ओढ्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. अशा ओढ्याच्या एका लिटर पाण्यांत विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा कर्ब वीस-तीस मिलिग्रॅम किंवा त्याहूनहि अधिक असतो. पाण्यावाटे जाणाऱ्या कर्बाचा हा पहिला आणि सर्वांत मोठा प्रकार. दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाहीं. मुळें आणि जंतु जो कर्बाम्लवायु सोडतात, त्यांतला कांहीं पाण्यांत विरघळून त्याच्याबरोबर चालूं लागतो.

तिसरा प्रकार मिथेन वायूचा. प्राणवायु जेथें मुळींच नाहीं तेथें कांहीं विशिष्ट जंतु हा वायु तयार करतात. १७७६ सालीं इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा ह्यानें माज्जोरे सरोवराच्या कांठचा गाळ ढवळून जे बुडबुडे गोळा केले, ते ह्याच ज्वालाग्राही वायूचे. दलदलींतून वर येण्यास त्याला तीन वाटा आहेत : पाण्यांतून हळूहळू पसरणें, बुडबुडा होऊन एकदम सुटणें, आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींच्या पोकळ दांड्यांतून नळींतल्याप्रमाणें थेट हवेंत जाणें. पहिल्या वाटेनें जाणारा पुष्कळसा मिथेन वरच्या थरांतील दुसरे जंतु खाऊन टाकतात. ओढ्याबरोबर जाणारा त्याचा अंश अगदींच अल्प असतो.

हा सर्व कर्ब पीटाच्या कोणत्या थरांतून येतो, ह्याला फार महत्त्व आहे. पीटाचे दोन भाग कल्पितां येतात. वरचा हात-दीड हाताचा भाग सैल असतो. त्यांत पाण्याची पातळी ऋतूप्रमाणें वरखालीं होते आणि पाणी बऱ्याच सहजतेनें वाहतें. खालचा भाग दाट, सदैव भिजलेला, आणि त्यांतलें पाणी जवळजवळ निश्चल असतें. म्हणून ओढ्याला मिळणारें पाणी मुख्यतः वरच्या भागांतून येतें. त्यांतील कर्बाचें वय किरणोत्सर्गी कर्बाच्या प्रमाणावरून काढतां येतें. आणि धक्का न लागलेल्या दलदलींतून निघणाऱ्या ओढ्यांतील विरघळलेला सेंद्रिय कर्ब बहुतांशीं अलीकडच्या कांहीं दशकांतलाच ठरतो. सावकारी भाषेंत बोलावयाचें तर, पाणी आपला वांटा चालू मिळकतींतून उचलतें; खालच्या जुन्या मुद्दलाला सहसा हात लावीत नाहीं.

वर्षभर हा वांटा सारखा नसतो. डेगेरो स्टूरमीरजवळच क्रिक्लान नांवाचें सुमारे ६८ चौरस किलोमीटरांचें पाणलोट क्षेत्र आहे. तेथील ओढ्यांचें मोजमाप १९८० च्या सुमारास सुरू झालें आणि अजून चालू आहे. हिंवाळ्यांत अरण्यांतून येणारें पाणी मंदावतें. त्या वेळीं नदीला जो तपकिरी रंग असतो त्यांत दलदलींचा हात मोठा असतो. पुढें एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळूं लागतो, आणि वर्षांतल्या पाण्याचा सुमारे अर्धा भाग थोड्याच आठवड्यांत वाहून जातो. ह्या पुरांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. अरण्यांतल्या ओढ्यांत विरघळलेल्या कर्बाचें प्रमाण वाढतें, तर दलदलींतल्या ओढ्यांत तें उतरतें. कारण असें, कीं अरण्यांत जमिनीखालचें पाणी वर चढून ओढ्याकांठच्या कुजक्या पाल्याच्या मातीला भिडतें आणि तिच्यांतला कर्ब धुवून आणतें. दलदलीचा पृष्ठभाग त्या वेळीं गोठलेला असतो. वितळलेलें स्वच्छ पाणी त्यावरून तसेंच घसरत जातें आणि ओढ्याचा रंग पातळ करतें. एकाच पुरांत दोन शेजारी ओढे असे उलट वागतात. म्हणून वर्षांतून दोन-चार बाटल्या भरून हिशेब मांडणाऱ्याची फसगत व्हावयाची.

पुरा हिशेब मांडण्याचें काम डेगेरो स्टूरमीर येथें झालें. मॅट्स निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ व २००५ ह्या दोन वर्षांचा जमाखर्च २००८ सालीं प्रसिद्ध केला. दलदलींत उभारलेल्या खांबावरील यंत्रें वाऱ्याचा प्रत्येक झोत वर चालला आहे कीं खालीं, आणि त्यांत कर्बाम्लवायु किती आहे, हें सेकंदाला अनेक वेळां टिपीत होतीं. मिथेनसाठीं शेवाळावर बंद पेट्या ठेवल्या जात. ओढ्याचा प्रवाह अखंड मोजला जाई, आणि त्याच्या पाण्याचे नमुने नियमितपणें तपासले जात. पावसाबरोबर येणारा थोडासा कर्बहि जमेस धरला होता.

हिशेब असा निघाला. २००४ सालीं वाढीच्या मोसमांत दर चौरस मीटरामागें ९२ ग्रॅम कर्ब हवेंतून जमा झाला. उरलेल्या थंड मोसमांत त्यांतला ३७ ग्रॅम कर्बाम्लवायूच्या रूपानें परत गेला. शिल्लक राहिली ५५ ग्रॅम. कोणी केवळ हवेकडे पाहून वही मिटली असती तर हाच आंकडा नफा म्हणून लिहिला गेला असता. परंतु ह्या ५५ पैकीं शेंकडा ३७, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, ओढ्याच्या पाण्यांतून निघून गेला. आणि शेंकडा १६, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास, मिथेन होऊन हवेंत गेला. पावसाची किरकोळ जमा धरून वर्षाअखेर खरी शिल्लक राहिली २७ ग्रॅम. पुढच्या वर्षीं ८६ ग्रॅम जमा, ३८ ग्रॅम परत, म्हणून शिल्लक ४८. त्यांतून शेंकडा ३१ पाण्यावाटे आणि शेंकडा २९ मिथेनवाटे गेला. खरी शिल्लक २० ग्रॅम. चौरस मीटरभर दलदलीची वर्षाची बचत पहिल्या सालीं सव्वादोन तोळ्यांहून थोडी अधिक, आणि दुसऱ्या सालीं पावणेदोन तोळेसुद्धां नाहीं.

ह्या आंकड्यांवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली दिलासा देणारी आहे. ही दलदल अजून बचत करीत आहे, आणि हिमयुगानंतरच्या हजारों वर्षांत ज्या गतीनें तिचा सांठा वाढला त्या गतीशीं आजची गति जुळणारी आहे. दुसरी गोष्ट सावध करणारी आहे. ही बचत म्हणजे मोठ्या उलाढालींतून उरलेली चिल्लर होय. पाण्याकडे दुर्लक्ष केलें कीं नफा फुगून दिसतो. आणि पाण्याचा खर्च वाढला कीं ती चिल्लरहि उरत नाहीं. २००५ च्या हिशेबांत बाकीचे सर्व आंकडे तेच ठेवून फक्त ओढ्याचा वांटा दुप्पट धरला, तर शिल्लक जेमतेम ५ ग्रॅम राहते.

ओढ्यानें नेलेल्या कर्बाचें पुढें काय होतें ? विरघळलेले वायु फार दूर जात नाहींत. पाणी जरा खळाळलें कीं थोड्याच अंतरांत ते हवेंत निसटतात. तपकिरी सेंद्रिय द्रव्यें पुढें सरोवरांत पोहोंचतात. तेथें सूर्यप्रकाश त्यांचे तुकडे पाडतो, जंतु ते खातात, आणि त्यांतल्या पुष्कळ कर्बाचा पुन्हां कर्बाम्लवायु होतो. कांहीं भाग गोळा होऊन तळाच्या गाळांत बसतो. उरलेला नद्यांवाटे समुद्राला मिळतो. क्रिक्लानचें पाणी विन्देल नदीवाटे उमे नदीला आणि तेथून बॉथ्नियाच्या आखाताला जातें. जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनीं २००७ सालीं सबंध पृथ्वीचा असा अंदाज मांडला. जमिनीवरून वर्षाला सुमारे १९० कोटी टन कर्ब गोड्या पाण्यांत उतरतो. त्यांतला निदान ८० कोटी टन वाटेंतच हवेंत जातो, २० कोटी टन गाळांत बसतो, आणि ९० कोटी टन समुद्राला पोहोंचतो. नंतरचे अंदाज ह्याहून मोठे आहेत. नदी म्हणजे कर्ब जसाच्या तसा समुद्रास पोहोंचविणारा नळ, ही जुनी समजूत त्यामुळें टाकून द्यावी लागली.

आतां ह्या व्यवस्थेंत मनुष्यानें केलेले फेरबदल. १९९० नंतरच्या दशकांत उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका येथील पुष्कळ सरोवरें व ओढे अधिकाधिक तपकिरी होत असल्याचें आढळून आलें. हवामानाच्या फरकाचा त्यांत वांटा आहेच. पण डॉन मॉन्टीथ आणि सहकाऱ्यांनीं २००७ सालीं एक अनपेक्षित कारण पुढें मांडलें. कारखान्यांच्या धुरांतील गंधकामुळें पूर्वीं आम्लाचा पाऊस पडत असे. त्या आम्लामुळें मातींतील सेंद्रिय द्रव्यें पाण्यांत नीट विरघळत नसत. १९७९ च्या जिनिव्हा करारानंतर गंधकाला हळूहळू आळा बसला, पाऊस निवळला, आणि अडकून पडलेला रंग पुन्हां पाण्यांत उतरूं लागला. म्हणजे हा तपकिरी रंग कांहीं अंशीं रोग हटल्याची खूण आहे. तरीहि त्याचे परिणाम व्हावयाचे ते होतातच. गडद सरोवरांत प्रकाश खोल जात नाहीं, आणि तळाशीं प्राणवायूची टंचाई पडते.

शहरांना नळानें पाणी पुरविणाऱ्यांचीहि ह्यामुळें अडचण होते. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा खात्यांतील रोक ह्या रसायनज्ञानें १९७४ सालीं दाखविलें कीं, पाणी निर्जंतुक करण्यासाठीं घातलेला क्लोरीन ह्या सेंद्रिय द्रव्यांशीं संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार करतो. म्हणून क्लोरीन घालण्यापूर्वीं रंग काढावा लागतो. आणि तो काढण्याची रीत तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळणाऱ्या कोणत्याहि घराला अपरिचित नाहीं. तुरटीच्याच वर्गांतील ॲल्युमिनियमचा क्षार घातला कीं रंगद्रव्यांच्या गुठळ्या होऊन त्या तळाशीं बसतात. पाणी जितकें तपकिरी तितका हा खर्च अधिक.

ह्याहून गंभीर गोष्ट चरांची. लांकडाचें उत्पन्न वाढावें म्हणून विसाव्या शतकांत फिनलंडनें आपल्या दलदलींपैकीं सुमारे निम्म्या चर खणून कोरड्या केल्या. स्वीडनमध्येंहि असें काम पुष्कळ झालें. चर खणला कीं पाण्याची पातळी उतरते, आणि बरणींतल्या फोडी तेलाबाहेर उघड्या पडाव्या तसें पीट उघडें पडतें. तें कुजून कर्बाम्लवायु हवेंत जातो; विरघळलेला कर्ब चरांतून लौकर बाहेर पडतो; आणि मिथेनचें प्रमाण जमिनीवर घटलें तरी चरांतल्या सांचलेल्या पाण्यांतून तो निघतच राहतो. आंतरराष्ट्रीय हवामान-मंडळानें पाणथळ जमिनींविषयीं २०१३ सालीं जे नियम ठरविले, त्यांत प्रथमच ह्या पाण्याच्या वांट्याचा हिशेब घालण्याची रीत दिली. चर खणल्यानें विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाची निकासी शेंकडा ६० नें वाढते, आणि असा बाहेर पडलेला कर्ब शेंकडा ९० पर्यंत शेवटीं कर्बाम्लवायूच होतो, असें त्यांत गृहीत धरलें आहे. येथें खर्च चालू मिळकतींतून होत नाहीं; मुद्दलच खर्चीं पडूं लागतें.

उपाय साधा आहे, पण फळ सावकाश देणारा आहे. चर बुजवावयाचे आणि पाणी पुन्हां पूर्वीच्या पातळीला आणावयाचें. युरोपीय संघानें २०२४ सालीं निसर्ग पूर्ववत् करण्याचा जो कायदा केला, त्यांत निचरा झालेल्या दलदली पुन्हां भिजविण्याचाहि समावेश आहे. भिजविलेल्या जागेंतून आरंभीं मिथेन वाढूं शकतो, आणि ओढ्याचें पाणीहि लगेच निवळेलच असें नाहीं. ज्या बचतीची गति वर्षाला दोन तोळे आहे, तिची भरपाई एका पिढींत होण्यासारखी नाहीं. परंतु मुद्दलाची नासाडी मात्र पाणी चढलें कीं लौकर थांबते, आणि व्यवहाराचा पहिला नियम तोच आहे.

दलदलीकडे पाहण्याची दृष्टि गेल्या अर्धशतकांत अशी पालटली आहे. पडीक जमीन म्हणून जिचें पाणी काढलें, तिचें पाणी तिला परत देण्यासाठीं आज पैसा खर्च होत आहे. त्या पैशाचें चीज झालें कीं नाहीं, हें ठरविण्यास हवेंतील यंत्राइतकीच ओढ्यावरची बाटलीहि लागणार आहे. कारण दलदलीच्या खर्चाची बाजू पुष्कळशी त्या तपकिरी पाण्यांतच लिहिलेली असते.